दुखणे बाईचे, मोजपट्टी कुणाची?

सोमवारची ओपीडी म्हणजे आमच्याकडे जत्रा असते. सरसम, कामारी, जवळगावकडून काळ्या-पिवळ्या भरून येतात, तांड्यांवरच्या बाया पायी येतात आणि अकरा वाजेपर्यंत केस पेपरची रांग दाराबाहेर जाते. त्या रांगेत तिशीतली एखादी बाई असतेच. काय होतंय विचारले की सांगते, "डोकं दुखायलंय, कंबर धरायलीय, हातपाय गळून गेल्यावानी वाटायलंय, झोप न्हाई, जीव घाबरायलाय." मग सिस्टरकडे पाहत, आवाज खाली करून, "आन् पांढरं जातंय."

माझ्या हाती प्रत्येक रुग्णामागे जेमतेम तीन मिनिटे. वर्षानुवर्षे मी या बाईला एकच कागद लिहून दिला: लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स आणि हिरवे किट. प्रजनन मार्गाच्या संसर्गासाठी सरकारी दवाखान्यांत रंगांनुसार औषधांची पाकिटे असतात, त्यातले योनिमार्गाच्या दाहाचे हिरवे. जिथे प्रयोगशाळा हाताशी नाही तिथे लक्षण ऐकून औषध द्यायचे, ही त्यामागची पद्धत. पद्धत वाईट नाही. पण काही वर्षांपूर्वी एकीला मी हे किट दहा महिन्यांत चौथ्यांदा लिहीत होतो, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, हिच्याशी जरा मी आत नेऊन बोलू का?"

वीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या. तिसरी मुलगी झाल्यापासून सासरी तिच्याशी कुणी धड बोलत नव्हते. नवरा हैदराबादला कामाला. यायचा तेव्हा पिऊन यायचा. गेल्या पावसाळ्यात ती दोनदा विहिरीपर्यंत जाऊन परत आली होती. माझ्या चार केस पेपरांवर यातले काहीही नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

आता दुसरी गोष्ट, उलट्या बाजूची. नोकरीच्या सुरुवातीला मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. बावीस-तेवीस वर्षांची एक सून छातीत धडधडते, जीव कासावीस होतो म्हणून यायची. सोबतची सासू म्हणायची, कामाचा कंटाळा, दुसरं काय! मी नाडी पाहिली, लुगड्यावरूनच घाईने स्टेथोस्कोप टेकवला, "टेन्शन घेऊ नको" म्हणालो आणि झोपेची हलकी गोळी दिली. पुढे पाच महिन्यांची गरोदर असताना ती धापा टाकत आली तेव्हा कळले की तिच्या हृदयाची झडप अरुंद झालेली आहे. लहानपणी होऊन गेलेल्या सांधेज्वरामुळे होणारा हा आजार आपल्याकडच्या तरुण बायकांत मुळीच दुर्मीळ नाही, आणि शांतपणे ऐकले तर बहुतेक वेळा स्टेथोस्कोपमधून ऐकू येतो. ती वाचली. मोठ्या रुग्णालयात फुगा घालून तिची झडप मोकळी केली. त्यात माझे काही कर्तृत्व नव्हते.

पहिलीच्या मनाचे दुखणे मी गर्भाशयाच्या खाती टाकले आणि दुसरीच्या हृदयाचे मनाच्या खाती. आळस होता, गर्दी होती, हे खरेच. पण पुरुष रुग्णाच्या छातीत धडधडले असते तर मी सदरा वर करायला लावून तपासले असते, हेही खरे. हे मला कुणी शिकवले, याचा शोध घेताना मी मानसशास्त्रावरच्या स्त्रीवादी टीकेपर्यंत पोचलो. 'स्त्रीवादी' शब्द ऐकला की आमच्या पिढीतले डॉक्टर जरा सावरून बसतात, मीही बसायचो. वाचल्यावर कळले की ही टीका बरीचशी आमच्याच भाषेतली आहे. संशोधनासाठी माणसे कोणती निवडली, प्रश्न कुणी ठरवले, 'सामान्य' कुणाला धरले, असे साधे आणि अडचणीचे प्रश्न तिने विचारले.

कांदा, अमोनिया आणि गर्भाशय

सुरुवात गर्भाशयापासूनच झाली आहे. ग्रीक भाषेत गर्भाशयाला 'हिस्टेरा' म्हणतात, त्यावरून 'हिस्टेरिया'. प्राचीन ग्रीक समजूत अशी की गर्भाशय शरीरात फिरते, वर चढते आणि बाईला गुदमरवते. त्याला खाली हाकलण्यासाठी नाकाशी दुर्गंधी वस्तू धरत. खेड्यात बाईला 'फिट' आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात ते आपण पाहिलेले आहे. मी विद्यार्थी असताना अपघात विभागात अशा बाईला अमोनियाची बाटली हुंगवायची पद्धत पाहिली आहे. पाठ्यपुस्तक नवे आले होते, पण अडीच हजार वर्षांचा वास गेला नव्हता.

सिग्मंड फ्रॉइड यांनी हा आजार गर्भाशयातून काढून मनात नेला, हा मोठाच बदल. पण त्यांची गाजलेली 'डोरा' पाहा. १९०० साली अठरा वर्षांच्या या मुलीला वडिलांनी त्यांच्याकडे आणले. घराशी संबंध असलेल्या एका प्रौढ माणसाने आपल्याशी लगट केली, असे ती सांगत होती. तिचे म्हणणे फ्रॉइडना खोटे वाटले नाही. पण त्या माणसाची तिला किळस वाटली, यालाच त्यांनी आजाराचे लक्षण ठरवले. डोरा सुमारे अकरा आठवड्यांत उपचार सोडून गेली. पुढच्या काळात स्त्रीवादी अभ्यासकांनी हे प्रकरण पुन्हा पुन्हा उघडले. सगळी तपासणी मुलीच्या मनाची झाली आणि त्या गृहस्थाच्या वागण्याला निदानात जागाच मिळाली नाही, हा त्यांचा मुद्दा. अमेरिकन मानसोपचार संघटनेने आजारांच्या यादीतून 'हिस्टेरिया' हे नाव काढले ते १९८० साली. आमच्या वॉर्डात ते त्यानंतरही कित्येक वर्षे बोलले जात होते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती पाळीशी संबंधित आहे. हार्वर्डमध्ये शिकवलेले डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ साली पुस्तक लिहून सांगितले की मुलींनी जास्त अभ्यास केला तर त्यांच्या प्रजननसंस्थेवर परिणाम होतो. पाळीच्या दिवसांत बाईची बुद्धी आणि हात नीट चालत नाहीत, ही समजूत तर तेव्हा विज्ञान म्हणूनच चालत होती. कोलंबिया विद्यापीठात लेटा हॉलिंगवर्थ या विद्यार्थिनीने १९१४ साली पीएचडीसाठी तेच तपासले. तिने बायकांच्या दररोज चाचण्या घेतल्या: हात किती स्थिर, बोटे किती चपळ, शब्द किती लवकर सुचतात. पाळीच्या दिवसांत घसरण दिसली नाही. क्लार्कसाहेबांच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. हॉलिंगवर्थ यांचे नाव मी वैद्यकीय शिक्षणाच्या साऱ्या वर्षांत एकदाही ऐकले नाही.

१९६८ साली नेओमी वाईस्टीन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका लेखात थेट म्हटले की स्त्री प्रत्यक्षात कशी असते हे मानसशास्त्राला माहीत नाही. समाजाला ती जशी हवी आहे तेच ते विज्ञान म्हणून सांगते. दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, इंगे ब्रॉव्हरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ७९ मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवकांचे तीन गट केले. एका गटाला निरोगी पुरुषाचे वर्णन करायला सांगितले, दुसऱ्याला निरोगी स्त्रीचे आणि तिसऱ्याला नुसते निरोगी प्रौढ माणसाचे. निरोगी माणूस आणि निरोगी पुरुष ही वर्णने जुळली. निरोगी स्त्री मात्र जास्त परावलंबी, जास्त भावनाप्रधान, कमी धाडसी निघाली. म्हणजे बाई 'चांगली बाई' असेल तर ती पूर्ण निरोगी माणूस नाही, आणि निरोगी माणसासारखी वागली तर चांगली बाई नाही. त्या ७९ जणांत ३३ बायका होत्या आणि त्यांचीही उत्तरे तशीच होती. त्यामुळे हा दोष पुरुष डॉक्टरांचाच आहे, असे समजून माझ्या डॉक्टर मैत्रिणींनी सुटकेचा श्वास टाकू नये.

या टीकेतले सगळेच टिकले असे नाही. लॉरेन्स कोहलबर्ग यांनी नैतिक विचारांच्या पायऱ्या ठरवल्या त्या मुलग्यांच्या अभ्यासावरून, आणि मग तीच मोजपट्टी मुलींना लावली, हा कॅरल गिलिगन यांचा १९८२ मधला आक्षेप बिनतोड होता. पण बायका मुळातच वेगळ्या पद्धतीने नैतिक विचार करतात, हे त्यांचे पुढचे म्हणणे नंतरच्या तपासणीत फारसे उभे राहिले नाही. २००५ साली जेनेट हाइड यांनी स्त्री-पुरुष फरकांवरच्या ४६ मोठ्या आढाव्यांचा एकत्र विचार केला. त्यातले ७८ टक्के फरक एक तर नगण्य किंवा लहान होते. बाईचे मन वेगळेच असते हे वाक्य, कौतुकाने म्हटले तरी, जपूनच म्हणावे.

दोन अभ्यास, एक गडचिरोलीचा, एक गोव्याचा

हे सगळे अमेरिकेचे झाले. स्त्री-पुरुषांना वेगवेगळ्या मापाने मोजले जाते, हे मराठीत बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच 'स्त्री-पुरुष तुलना'मध्ये लिहून ठेवले होते. संशोधनाच्या अंगाने ते काम आपल्याकडे पुण्याच्या भार्गवी दावर यांनी केले. त्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक. आईला मानसोपचार संस्थांत डांबलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते आणि त्या आईच्याच नावाने त्यांनी पुण्यात बापू ट्रस्ट उभा केला. भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९९९ चे. त्यात त्यांनी आपल्या देशातले अभ्यास समोर ठेवून दाखवले की स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र आजारांत बायका-पुरुषांत फारसा फरक नाही. फरक पडतो तो उदासीनता, चिंता अशा रोजच्या, 'साध्या' म्हटल्या जाणाऱ्या आजारांत. तिथे बायका कितीतरी जास्त. हा फरक मेंदूच्या रसायनातून येत असेल तर तो नेमका याच आजारांत का यावा? बाईच्या दिवसात काय घडते ते विचारल्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही, हा त्यांचा आग्रह. २०२४ साली त्या गेल्या. डॉक्टरांशी त्यांचे फारसे जमले नाही, आणि औषधांबद्दलची त्यांची काही मते मलाही पटत नाहीत. पण हा प्रश्न त्यांनी नेमका विचारला होता.

माझ्या ओपीडीतल्या 'पांढऱ्या'बद्दल मला सर्वांत जास्त शिकवले ते दोन अभ्यासांनी. पहिला गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, सरासरी एकीला तीनहून अधिक. त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका आठ टक्केही नव्हत्या. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच संशोधनात मोजले जात होते. ती कुरकुरते, अंगावर काढते, नाटक करते, असे म्हणणाऱ्यांची या एका अभ्यासाने बोलती बंद केली.

दुसरा गोव्याचा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या २,४९४ बायकांना घरी जाऊन विचारले, आणि नुसते विचारून न थांबता प्रयोगशाळेत संसर्गाची तपासणीही केली. पांढरे जाण्याची तक्रार आणि प्रत्यक्ष संसर्ग यांचा मेळ कमीच बसला. त्या तक्रारीचे जास्त घट्ट नाते निघाले ते मनाच्या ताणाशी आणि घरातल्या परिस्थितीशी. कारण काय वाटते असे बायकांनाच विचारले तेव्हा तिघींत एकीहून जास्त बायकांनी ताण आणि मनाचा त्रास हे कारण सांगितले. अंगातली उष्णता आणि जंतू त्याच्या खालोखाल. म्हणजे बायकांना ठाऊक होते. आम्ही हिरवे किट देत होतो.

याच गटाने आणखी एक पाहिले. उदासीनता आणि चिंतेचे आजार कुणाला जास्त? तर गरिबी, नवऱ्याकडून होणारा लैंगिक अत्याचार, वैधव्य किंवा विभक्त होणे, घरात कशातच निर्णय न घेता येणे, माहेर-सासरचा आधार नसणे, हे जिच्या वाट्याला आले तिला. २००२ च्या आणखी एका गोव्यातल्याच अभ्यासात २७० गरोदर बायकांचा पाठपुरावा केला होता. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते. मुलाची आस असताना मुलगी झाली तर धोका वाढत होता. आम्हाला बाळंतपणानंतरचे नैराश्य शिकवले ते बहुतेक हार्मोन्सच्या घसरणीच्या अंगाने. ती घसरण तर मुलगा झाला काय नि मुलगी झाली काय, व्हायचीच. मुलीच्या आईला जास्त त्रास का, याचे उत्तर रक्ताच्या नळीत नाही, तिच्या सासरच्या ओसरीवर आहे.

हे दोन अभ्यास एकमेकांविरुद्ध आहेत का? गडचिरोली म्हणते, बाईच्या शरीरात खरेच रोग आहे. गोवा म्हणतो, तक्रारीमागे बऱ्याचदा मन आणि घर आहे. मला तर ते माझ्याच दोन चुकांचे दोन आरसे वाटतात. दोन्ही ठिकाणी संशोधक बाईपर्यंत गेले, तिची तपासणी केली आणि तिचे ऐकले. राणीताईंनी तर तिथल्या बायकांचे शब्द आणि समजुती गोळा करून मराठीत 'कानोसा' हे पुस्तकच लिहिले आहे.

इथे एक गंमत सांगतो, गंमत म्हणायची तर. पुरुषांना धातू जाण्याची भीती असते. अशक्तपणा, कंबरदुखी, झोप न लागणे हे सगळे ते त्यावर ढकलतात. १९६० साली डॉ. एन. एन. विग यांनी या प्रकाराला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या यादीतही ते आले. त्यामुळे असा पुरुष आला की डॉक्टर त्याला समजावतो, हा मनाचा विषय आहे, घाबरू नकोस. बाईचे पांढरे जाणे जवळपास त्याच तक्रारींसह येते. पण तिच्या प्रकाराला त्या यादीत असे वेगळे नाव नाही. मग तिला मिळते गोळी. गोळीने भागले नाही तर सोनोग्राफी. आणि सोनोग्राफीत 'सूज' दिसली की पिशवी काढायचा सल्ला.

गर्भाची पिशवी काढणे ही आपल्या मराठवाड्यातली जखम आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा आकडा शंभरात तीनच्या आसपास होता. फडावर पाळीच्या दिवशी खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, राहायला कोपी, आडोसा नाही, आणि डॉक्टर म्हणतो कॅन्सर होईल. बाई तरी काय करेल? त्यातल्या किती जणींना खरोखर शस्त्रक्रियेची गरज होती, हे कागदावरून सांगता येणार नाही. पण कमी वयात पिशवी काढलेल्या बायका आमच्याकडेही येतात. पाच-सात वर्षांनी येतात, आणि सांगतात तेच: डोकं दुखायलंय, कंबर धरायलीय, झोप न्हाई, जीव घाबरायलाय. आता पांढरं तेवढं जात नाही.

मोजणीतून निसटलेल्या

मराठवाड्यात मनाच्या आजाराचा विषय निघाला की शेतकरी आत्महत्येवर येतो, आणि यायलाच हवा. २०१५ पासून मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत त्यासाठी प्रेरणा प्रकल्प आला. आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात. त्याच सांगतात, दारात गेलं की सगळं घर मालकाबद्दल बोलतं. बाईबद्दल विचारलं तर बाईच म्हणते, मला काय धाड भरलीय! कापूस वेचणारी, सोयाबीनला खुरपणारी, हळद काढणारी ही बाई सातबाऱ्यावर नसते. तिने जीव दिला तर ती शेतकरी म्हणून मोजली जाईलच असे नाही, बऱ्याचदा 'गृहिणी' म्हणून लिहिली जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात आत्महत्या केलेल्या ४५,०२६ स्त्रियांपैकी २३,१७८ गृहिणी होत्या, म्हणजे अर्ध्याहून जास्त. जगातल्या स्त्रियांच्या एकूण आत्महत्यांत भारताचा वाटा २०१६ साली ३६.६ टक्के होता. पुरुषांच्या शेतीवर, कर्जावर, दारूवर शेकडो पानांचे अभ्यास झाले. या गृहिणींवर त्यामानाने किती झाले ते शोधू जाल तर हाती फार लागत नाही.

एकाच मापाने सगळ्यांना मोजल्याचा तोटा पुरुषालाही होतो, हे विसरू नये. नैराश्याच्या प्रश्नावलीत रडू येते का, उदास वाटते का असे विचारले की आपला शेतकरी 'न्हाई' म्हणतो. त्याचे नैराश्य चिडचिडीत, दारूत, पारावर गप्प बसण्यात दिसते. बाईही 'उदास' शब्द वापरत नाही. ती म्हणते करमत न्हाई, जीव लागंना, डोक्यात इचार फिरायलेत, मन उडालंय. इंग्रजीतून पुस्तकी मराठीत आणलेली प्रश्नावली हिमायतनगरच्या बाजारात उभी केली तर दोघेही निरोगी निघतील.

औषधांचेही तेच. झोपेसाठी दिले जाणारे झोल्पिडेम कित्येक वर्षे स्त्री-पुरुषांना एकाच मात्रेत दिले जात होते. बायकांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडते आणि सकाळी गुंगी राहते, हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ साली बायकांची मात्रा निम्मी करायला लावली. औषध बाजारात येऊन तोवर वीस वर्षे झाली होती.

आता आमच्या ओपीडीत आम्ही काय बदलले ते सांगतो. अंग, डोके, कंबर, पांढरे अशी तक्रार घेऊन बाई आली की आधी तिला नीट तपासायचे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तदाब, आणि छातीवर स्टेथोस्कोप, लुगडे बाजूला करून, सिस्टर शेजारी असताना. दुर्गंधी, खाज, ओटीपोटात दुखणे, ताप, संबंधानंतर रक्त जाणे यातले काही असेल तर आतली तपासणी हवीच; तिथे 'टेन्शन' म्हणून सोडून द्यायचे नाही. पाळीच्या आधी थोडे पांढरे, पातळ, वास नसलेले पाणी जाणे हे नाकात ओलावा असण्याइतके साधे आहे, हे समजावून सांगितले की निम्म्या बायकांचा घोर कमी होतो. आणि तपासणीबरोबरच, तपासणी संपायची वाट न पाहता, सिस्टर दोन प्रश्न विचारतात: पंधरा दिवसांत कशात जीव लागेनासा झालाय का, आणि घरी मारहाण किंवा त्रास आहे का. दुसरा प्रश्न सोबतच्या माणसासमोर विचारायचा नाही. जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारायचे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बऱ्याच जणी सुटल्यासारख्या बोलतात.

नैराश्यावरची औषधे सरकारी दवाखान्यात मिळतात, त्यांची सवय लागत नाही, आणि फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, पण जाऊन यायला दिवस मोडतो. त्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा फुकट क्रमांक बायकांना पाठ करायला सांगतो. तिथे मराठीत बोलता येते, रात्रीसुद्धा. पिशवी काढायला कुणी सांगितले असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करू नका, विशेषतः चाळिशीच्या आत. पांढरे जाणे एवढ्याच कारणासाठी पिशवी काढायची नसते.

तिसऱ्या मुलीनंतर विहिरीपर्यंत गेलेली ती बाई महिन्याच्या महिन्याला गोळ्यांसाठी येत होती. सोबत सासू यायची, आणि सिस्टर सुनेला आत घेऊन गेल्या की माझ्यावर डाफरायची, "येवढं काय इचारायलात तिला?" चौथ्या का पाचव्या खेपेला ती अशीच बाकावर बसली होती. बराच वेळ दाराकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "सायेब, मलाबी लई दिस झाले झोप न्हाई. माझाबी पेपर काढू का?"